साठ जणांना चिठ्ठ्या: कार्यशाळेत तात्पुरते लॉगिन वाटायचे कसे आणि परत घ्यायचे कसे

शनिवार झकास गेला होता. रविवारी सकाळी साडेनऊला लॅबमधल्या साठ मुलामुलींनी कालच्याच चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला आणि प्रत्येकाच्या पडद्यावर एकच ओळ उमटली: तुमच्या खात्याची मुदत संपली आहे, सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर समोरच उभा होता, हातात माइक घेऊन.

चूक माझीच होती. खाती रविवारी रात्री बंद व्हावीत म्हणून मी मुदतीची तारीख रविवारची टाकली होती. लिनक्सचा हिशेब वेगळा आहे. दिलेली तारीख उजाडली की त्याच्या लेखी खातं संपतं, आणि ती उजाडते जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. आम्ही चहा घेत होतो तेव्हाच साठही खाती बंद पडलेली होती.

तेव्हापासून माझी कामाची रीत उलटी झाली. खाती कधी आणि कशी बंद होणार हे आधी ठरवायचं, त्यावरून खाती तयार करायची आणि चिठ्ठ्या सगळ्यात शेवटी छापायच्या. खाली तीच रीत सांगतो. समोर धरलेला प्रसंग असा: अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतनातली लॅब, साठ विद्यार्थी, दोन दिवस, भाड्याने घेतलेला एक उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हर आणि लॅबमधल्या विंडोज मशीनवरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, लॉगिन. कमांडची नावं आपण वर्गात उच्चारतो तशीच लिहिली आहेत.

सगळ्यांना मिळून एकच खातं का नको

हा मोह प्रत्येकाला होतो. एकच नाव, एकच पासवर्ड, फळ्यावर लिहिला की काम झालं. पहिल्या तासाला ते चालतंही. मग कुणीतरी ‘पासडब्ल्यूडी’ कमांड शिकताना पासवर्ड बदलतो आणि उरलेल्या एकोणसाठ जणांना पुन्हा आत येता येत नाही. कुणी फाइल पुसणारी ‘आरएम’ चालवतो आणि शेजाऱ्याचं प्रोग्रामचं काम जातं. कोणी काय केलं हे लॉगमधून, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींतून, कळत नाही, कारण लॉगमध्ये सगळ्यांचं नाव एकच असतं. प्रत्येकाला वेगळं खातं द्या. एकदा स्क्रिप्ट लिहिली की सहा खाती आणि साठ खाती यांच्या मेहनतीत फरक उरत नाही.

पायरी १: शेवटाची तारीख

कार्यशाळा शनिवार-रविवारची असेल तर मुलांना सोमवार आणि मंगळवार द्या. घरी गेल्यावर ‘सर, माझी फाइल तिकडेच राहिली’ हा फोन हमखास येतो. मंगळवार हा शेवटचा दिवस ठरला की खात्यावर तारीख बुधवारची टाका. बुधवारी पहाटे साडेपाचला खाती मिटतील. चिठ्ठीवर मात्र ‘मंगळवार रात्रीपर्यंत’ एवढंच छापा. मधले तास ही तुमची शिल्लक.

तारीख टाकायची खातं तयार करणाऱ्या ‘युजरॲड’ कमांडला लहान ई हा पर्याय देऊन, किंवा नंतर मुदत बदलणाऱ्या ‘चेज’ला मोठा ई देऊन. ‘चेज’ला लहान एल दिला की खात्याची सगळी मुदत छापून येते. साठांपैकी तीन-चार खात्यांवर ते चालवून तारीख डोळ्यांनी बघा. माझा रविवार या एका मिनिटात वाचला असता.

पायरी २: नावं आणि पासवर्ड

खात्याला विद्यार्थ्याचं नाव देऊ नका. यादी कार्यशाळेच्या आदल्या रात्री येते, त्यात स्पेलिंगच्या चुका असतात, एका वर्गात चार पाटील आणि त्यातले दोन प्र. पाटील असतात, आणि यादीत नसलेले सात जण सकाळी येऊन मागे उभे राहतात. शिवाय सर्व्हरवर नावं नसली की ती सांभाळायची जबाबदारीही येत नाही. तंत्रनिकेतनात दहावीनंतर आलेली मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरलं आहे. त्यांची नावं, मोबाइल, ईमेल तुमच्या सर्व्हरवर हवेत कशाला? क्रमांक पुरतो.

क्रमांक दोन अंकी ठेवा, ०१ पासून. नुसता १ ठेवलात तर यादी लावताना १० हा २ च्या आधी येतो. क्रमांकाआधी एखादा वेगळा शब्द जोडा, गावाचं किंवा नदीचं नाव चालेल. ‘स्टुडंट’, ‘युजर’, ‘टेस्ट’ हे टाळा. इंटरनेटवर उघडा सर्व्हर आला की काही मिनिटांत कुठली तरी यंत्रं त्याच नावांनी दार ठोठावू लागतात.

आता पासवर्ड. कॉलेजचं नाव, ॲट, एक-दोन-तीन हा आपल्याकडचा राष्ट्रीय पासवर्ड आहे. तो तर नकोच, पण खाते क्रमांक जोडून केलेला पासवर्डही नको. सतराव्या चिठ्ठीच्या शेवटी १७ दिसला की अठराव्या खात्यात शिरायला तिसऱ्या रांगेतल्या मुलाला दहा सेकंद लागतात, आणि तो शिरतोच.

दुसऱ्या टोकाला जाऊन चिन्हं आणि कॅपिटल अक्षरांचा मसाला भरू नका. छापलेल्या चिठ्ठीवर इंग्रजी लहान एल, मोठा आय आणि एकचा आकडा सारखे दिसतात. शून्य आणि ओ यांचंही तेच. लॅबमधल्या एखाद्या मशीनवर ब्रिटिश कीबोर्डची मांडणी असते, तिथे ॲट दाबलं की दुहेरी अवतरण उमटतं, आणि पासवर्ड पडद्यावर दिसत नसल्याने हे कुणाच्याच लक्षात येत नाही. माझा नियम: फक्त लहान अक्षरं, त्यातून आय, एल आणि ओ वगळायचे, आकडे २ ते ९. उरली २३ अक्षरं आणि ८ आकडे, मिळून ३१ चिन्हं. आठ चिन्हांचा पासवर्ड केला तर ८५ हजार कोटींहून जास्त शक्यता होतात. चार दिवस जगणाऱ्या खात्याला हे भरपूर झालं. मधे एक आडवी रेघ टाकून चार-चारचे गट करा, वाचताना डोळा चुकत नाही.

शब्दांचे पासवर्ड लक्षात राहायला सोपे, म्हणून मी एकदा मराठी शब्द रोमन लिपीत घेतले. फसलो. ‘पाऊस’ रोमनमध्ये किती प्रकारे लिहिता येतो ते मोजून बघा. चिठ्ठीवर एक स्पेलिंग असतं, मुलगी लिहिते तिच्या सवयीचं, आणि दोघींची भांडणं सर्व्हर सोडवत नाही. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, हा तर महाराष्ट्राचा जुना वाद. शब्दच हवे असतील तर इंग्रजी घ्या. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २०१६ मध्ये यासाठीच तयार केलेली ७७७६ शब्दांची यादी मोफत आहे.

पासवर्ड तयार करायला पायथनचं ‘सीक्रेट्स’ मॉड्यूल वापरा. ‘रँडम’ मॉड्यूल सिम्युलेशनसाठी आहे, गुपितांसाठी नाही. शेवटी हातात एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) येते: क्रमांक, नाव, पासवर्ड. पुढचं सगळं या एका फाइलवर चालतं, म्हणून ती स्वतःच्या लॅपटॉपवर, फक्त स्वतःला वाचता येईल अशा परवानगीने ठेवा. शेअर केलेल्या ड्राइव्हवर नको, आणि विभागाच्या ग्रुपवर ‘जस्ट बॅकअप म्हणून’ तर मुळीच नको.

पायरी ३: खाती तयार करताना

उबंटूवर ‘युजरॲड’ नुसतंच चालवलं तर होम फोल्डर तयार होत नाही आणि शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) म्हणून साधं ‘एसएच’ मिळतं. मग मुलगा वरचा बाण दाबतो आणि मागची कमांड येण्याऐवजी पडद्यावर कंस आणि अक्षरांचा कचरा येतो. म्हणून लहान एम हा पर्याय होमसाठी आणि लहान एस देऊन बॅश या सोयीच्या शेलचा पत्ता, हे दोन्ही न विसरता द्या.

दुसरा खड्डा लहान पी या पर्यायाचा. इथे पासवर्ड द्यायचा असं वाटतं, पण त्याला हवा असतो आधीच हॅश केलेला, म्हणजे परत उलगडता न येणाऱ्या रूपात बदललेला पासवर्ड. साधा पासवर्ड दिलात तर तो तसाच हॅशच्या जागी जाऊन बसतो, कमांड तक्रार करत नाही, आणि लॉगिन कधीच होत नाही. वर तो पासवर्ड प्रोसेसच्या यादीत दिसतो तो वेगळा. पासवर्ड ‘सीएच-पासडब्ल्यूडी’ या कमांडने लावा. तिला नाव, विसर्गासारखा कोलन आणि पासवर्ड अशा ओळी पाइपने दिल्या की एका दमात सगळी खाती होतात.

सरावाच्या फाइल्स आधी ‘ईटीसी’मधल्या ‘स्केल’ फोल्डरमध्ये ठेवा, मगच खाती करा. त्यातला मजकूर खातं तयार होतानाच होममध्ये उतरतो, नंतर टाकलेलं उतरत नाही. होम फोल्डरची परवानगी ७०० ठेवा, म्हणजे ते फक्त मालकालाच उघडेल. उबंटूने २१.०४ पासून ती मुळातच ७५० केली आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत मात्र कुणीही कुणाचंही होम वाचू शकत असे.

सगळ्या खात्यांचा एक गट करा, समजा ‘कार्यशाळा’. सूडोचा, म्हणजे ॲडमिन म्हणून कमांड चालवायचा अधिकार कुणालाच नाही, ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणणाऱ्यालाही नाही.

मग आवर घाला. प्रत्येक कार्यशाळेत एक जण फोर्क बॉम्ब (स्वतःच्याच प्रती काढत मशीन ठप्प करणारा प्रोग्राम) चालवून बघतो. तो वाईट नसतो, त्याने कुठेतरी वाचलेलं असतं आणि हातात पहिल्यांदाच खरा सर्व्हर आलेला असतो. लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या ‘सिस्टमडी’च्या ‘युजर-डॅश’ स्लाइससाठी एक ड्रॉप-इन (जोड सेटिंगची) फाइल करून त्यात ‘टास्क्समॅक्स’ आणि ‘मेमरीमॅक्स’ या प्रोसेस आणि मेमरीच्या मर्यादा घातल्या की तो स्वतःच्याच खात्यात अडकतो आणि बाकीचे काम करत राहतात. मेमरीचा आकडा ठरवताना आधी विचारून घ्या की मुलं व्हीएस कोड या एडिटरमधून सर्व्हरला जोडणार आहेत का. त्याचा सर्व्हरवरचा भाग दर माणशी काही शे एमबी सहज खातो. साठ जणांचा गुणाकार करा आणि मग मशीन भाड्याने घ्या. होमसाठी वेगळं पार्टिशन किंवा कोटा असू द्या, नाहीतर एकाच न संपणाऱ्या लूपने सगळ्यांची डिस्क भरते.

पायरी ४: सर्व्हरचं दार

माझ्या अनुभवात कार्यशाळेचा पहिला तास सगळ्यात जास्त वेळा इथे बुडतो, आणि पासवर्डचा त्यात काही दोष नसतो.

पहिलं, क्लाउडवरच्या उबंटू इमेजमध्ये पासवर्डने लॉगिन बंदच असतं, फक्त की (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त फाइल) चालते. ते सरसकट उघडू नका. एसएसएचच्या सेटिंग फाइलच्या अगदी शेवटी ‘मॅच ग्रुप’चा भाग लिहा आणि पासवर्डची परवानगी फक्त ‘कार्यशाळा’ गटाला द्या. तुमचं स्वतःचं खातं कीवरच राहू द्या. बदल केल्यावर ‘एसएसएचडी’ला लहान टी देऊन फाइल तपासा, आणि सेवा रीलोड करताना एक जुनं सत्र उघडं ठेवा. चूक झालीच तर परत यायला खिडकी राहते.

दुसरं, ‘मॅक्सस्टार्टअप्स’. एसएसएचचं मुळातलं सेटिंग १०:३०:१०० असं असतं. म्हणजे पासवर्ड अजून न टाकलेली दहा कनेक्शन्स ताटकळत असली की नवीन येणाऱ्यांपैकी ३० टक्के सर्व्हर परत पाठवतो, आणि हे प्रमाण चढत चढत शंभराला सगळी दारं बंद. तुम्ही माइकवर ‘चला, सगळ्यांनी लॉगिन करा’ म्हणता तेव्हा चाळीस जण एकाच वेळी चिठ्ठीवरून एकेक अक्षर शोधत बसलेले असतात. त्या क्षणी निम्म्याहून जास्त नवीन मुलांना ‘कनेक्शन रीसेट’ मिळतं. कुणाला मिळतं, कुणाला नाही, दुसऱ्यांदा केलं तर होतं, म्हणून सगळे म्हणतात नेट खराब आहे. पहिला आकडा १०० आणि शेवटचा २०० करा, संपलं.

तिसरं, ‘फेल-टू-बॅन’. डेबियन आणि उबंटूवर तो बसवला की एसएसएचवरचा पहारा आपोआप सुरू होतो. दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की तो पत्ता दहा मिनिटं बाद. घरी बसून काम करताना हे शहाणपणाचं आहे. कॉलेजातून मात्र साठही मशीन बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. पाच मुलांनी एकेकदा चूक केली की अख्खं कॉलेज बाहेर. कॉलेजचा बाहेरचा पत्ता आदल्या दिवशी लॅबमधूनच शोधून ‘इग्नोअर-आयपी’मध्ये टाका. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ पासून असाच दंड एसएसएचमध्येच बसवलेला आहे, त्यामुळे सर्व्हर नवा असेल तर ‘पर-सोर्स-पेनल्टीज’च्या सवलतीच्या यादीतही तोच पत्ता द्या. कॉलेजकडे दोन लाइन्स असतील तर दोन पत्ते निघतात, दोन्ही लिहा.

चौथं, कॉलेजचा फायरवॉल. बाहेर जाणारा २२ क्रमांकाचा पोर्ट बंद असणं फार नेहमीचं आहे. नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना आठवडाभर आधी लेखी विनंती करा, आणि तरीही सोबत ४४३ वर एसएसएच ऐकतं ठेवा. उबंटू २४.०४ वर पोर्ट बदलल्यावर डीमन-रीलोड करून ‘एसएसएच डॉट सॉकेट’ रीस्टार्ट करावं लागतं, नुसती सेवा रीस्टार्ट करून भागत नाही. काही फायरवॉल ४४३ वरचं एसएसएचही ओळखून अडवतात, म्हणून सरांना भेटणं काही चुकत नाही. त्यांच्यासाठी चहा सांगा.

या चारही गोष्टी घरून तपासता येत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्याच लॅबमध्ये, विद्यार्थ्याच्याच मशीनवर, विद्यार्थ्याच्याच विंडोज लॉगिनने बसा आणि चिठ्ठीवरचं एक खातं उघडून दाखवा. विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून एसएसएच आतच आहे. मशीन त्याहून जुनी असतील तर पुटी हा वेगळा प्रोग्राम लागेल, आणि ते बसवायला ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे हे संध्याकाळी सहानंतर कुणालाच माहीत नसतं.

पायरी ५: चिठ्ठी

मला विचाराल तर कागदाला अजून तोड नाही. ए-फोर पानावर तीन रकाने आणि आठ ओळी, म्हणजे २४ चिठ्ठ्या. तीन पानांत ७२ होतात. साठ वापरायच्या आणि बारा राखीव, त्यामुळे खातीही ७२ च करा. लिबरऑफिसच्या मेल मर्जला सीएसव्ही जोडली की पानं तयार. अक्षर कुरियरसारखं समान रुंदीचं घ्या, किमान १४ पॉइंटचं. कॉलेजचा प्रिंटर शाईला कंजूष असतो.

चिठ्ठीवर माझ्याकडे असतं ते असं:

क्रमांक ३७
सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट
खात्याचं नाव
पासवर्ड
सर्व्हरच्या कीचा ठसा, शेवटची काही अक्षरं
मंगळवार रात्रीपर्यंत चालेल
पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही. बरोबर आहे. टाइप करून एंटर दाबा.

शेवटची ओळ विनोदी वाटेल, पण ती छापायला लागल्यापासून ‘सर, कीबोर्ड चालत नाही’ म्हणणारे हात निम्म्याने घटले. एटीएमवर, मोबाइलवर सगळीकडे ठिपके दिसतात, इथे काहीच सरकत नाही, त्यामुळे मुलं तोच पासवर्ड तीनदा टाइप करून ठेवतात.

कीच्या ठशाचं, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या अक्षरांचं, महत्त्व वेगळं आहे. पहिल्यांदा जोडताना एसएसएच विचारतं की या सर्व्हरवर विश्वास ठेवू का, आणि सगळे न वाचता ‘येस’ लिहितात. चिठ्ठीवरची अक्षरं पडद्याशी ताडून मग ‘येस’ लिहायला लावलं तर सुरक्षेचा पहिला धडा एका मिनिटात होतो.

पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायची सक्ती करावी का? मी करत नाही. नोकरीच्या ठिकाणी ती बरोबरच आहे. इथे साठ जण घाईत नवा पासवर्ड ठरवणार, त्यातले वीस जण आपल्या ईमेलचाच टाकणार, दहा जण जेवणानंतर विसरणार, आणि मदतनीसाच्या हातातली यादी निरुपयोगी होणार. चार दिवसांच्या रिकाम्या खात्यासाठी मुलांचा खरा पासवर्ड आपल्या सर्व्हरवर ओढून आणणं मला पटत नाही.

पायरी ६: वाटप

चिठ्ठ्या कापून, घडी घालून, क्रमाने डब्यात. हजेरीच्या कागदावर सहीशेजारी चिठ्ठीचा क्रमांक लिहायला एक रकाना ठेवा. ३७ क्रमांक कुणाकडे आहे हे फक्त त्या कागदावर राहतं आणि कार्यशाळा संपली की तो समन्वयकांकडे जातो. वाटप रांगेने करा, पंगतीत वाढतात तसं: एक मदतनीस चिठ्ठी देतो, मागचा सही घेतो. चिठ्ठ्यांचा गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवून ‘मागे पास करा’ म्हटलंत तर मधल्या मधे चार चिठ्ठ्या गायब होतात आणि दोन मित्रांकडे एकाच क्रमांकाचा फोटो सापडतो.

प्रोजेक्टरवर यादी लावू नका. शेअर केलेल्या शीटमध्ये ‘आपल्या नावापुढचं खातं घ्या’ हेही नको. दोघं एकाच ओळीवर जातात, तिसरा चुकून रकाना क्रमाने लावतो आणि सगळी नावं एका बाजूला, पासवर्ड दुसऱ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली यादी ग्रुपात राहत नाही, हे सांगायला नकोच. कार्यशाळा ऑनलाइन असेल तर प्रत्येकाला वेगळा निरोप मेल मर्जने पाठवा आणि तो आदल्या दिवशी पाठवा. सकाळी पाठवलेल्या साठ सारख्या मेल्सपैकी बऱ्याच स्पॅममध्ये जाऊन पडतात.

लॉगिनही रांगेने. आधी मी एकटा पडद्यावर करून दाखवतो, पासवर्ड न दिसणं आणि ठसा ताडणं यांसह. मग पहिली रांग, ती आत गेली की दुसरी. साठ जणांना वीसेक मिनिटं लागतात. संशोधकांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमाच्या कार्यशाळांत दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या वापरतात, एक ‘झालं’ची आणि एक ‘मदत हवी’ची. मॉनिटरवर लावलेली लाल चिठ्ठी मदतनीसाला लांबून दिसते आणि लाजरी मुलं हात वर न करताही सापडतात.

अडलेल्याकडे गेलात की या क्रमाने बघा: कॅप्स लॉक, मराठी कीबोर्ड चालू राहिलाय का, खात्याच्या नावात शून्याऐवजी ओ टाकलाय का, पत्त्याच्या शेवटी चुकून मोकळी जागा आहे का. त्यानंतरच सर्व्हरचा लॉग. ब्राउझरमधून काम असेल, म्हणजे ज्युपिटरहबसारखं, तर ‘पासवर्ड सेव्ह करू का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला लावा किंवा सरळ खासगी खिडकीत उघडायला सांगा. लॅबची मशीन सामायिक असतात. दुपारच्या बॅचच्या मुलीला सकाळच्या मुलाचं खातं आपोआप भरलेलं मिळतं आणि ती बिचारी त्याच्याच फाइल्स पुसते.

चिठ्ठी हरवली तर जुना पासवर्ड पुन्हा सांगू नका. राखीवांतली एक चिठ्ठी द्या, जुनं खातं बंद करा, फाइल्स नव्या होममध्ये हलवा, मालकी बदला. हजेरीत क्रमांक खोडून नवा लिहा.

शेजाऱ्याच्या खात्यात डोकावणाऱ्यांबद्दल मी सुरुवातीलाच एक वाक्य बोलतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हसत सांगायचं, पण सांगायचं.

पायरी ७: खाती मिटवणं

मुदत संपली म्हणजे फक्त नवीन लॉगिन थांबतं. आधीच आत असलेलं सत्र चालू राहतं, टीमक्समध्ये (बाहेर पडल्यावरही सत्र जिवंत ठेवणाऱ्या सोयीत) सोडून दिलेला प्रोग्राम चालू राहतो. बुधवारी सकाळी सर्व्हरचा पंखा कशाने ओरडतोय हे बघायला गेलात की सतराव्या खात्यातली मूळ संख्या शोधणारी लूप सापडते.

बंद करताना आणखी एक फसवी गोष्ट: ‘पासडब्ल्यूडी’ला लहान एल देऊन खातं लॉक केलं तर फक्त पासवर्ड लॉक होतो. कार्यशाळेत मुलांना एसएसएच की शिकवली असेल, आणि शिकवायलाच हवी, तर हुशार मुलं तिच्यावरून खुशाल आत येतात. म्हणून मुदतीची तारीखच मागे न्यायची. ‘युजरमॉड’ला मुदत १ अशी दिली की ती १९७० च्या जानेवारीत जाते आणि पासवर्ड, की दोन्ही बंद. शून्य देऊ नका, काही ठिकाणी शून्याचा अर्थ ‘मुदतच नाही’ असा लावला जातो.

मग ‘पीकिल’ला लहान यू देऊन त्या खात्याच्या सगळ्या प्रोसेस मारा. क्रॉनटॅब, म्हणजे वेळ लावून ठेवलेल्या कामांची यादी, बघा. मुलांचं काम ठेवायचं असेल तर होम फोल्डर्सचा एक टार (एकाच फाइलीतला गठ्ठा) करून घ्या. त्यानंतर खातं पुसणाऱ्या ‘युजरडेल’ला लहान आर. होमच्या बाहेर, विशेषतः ‘टेम्प’मध्ये राहिलेल्या फाइल्स तो उचलत नाही. त्या ‘फाइंड’च्या ‘नो-युजर’ पर्यायाने शोधा, कारण पुढच्या कार्यशाळेच्या खात्याला तोच युजर क्रमांक मिळाला की त्या फाइल्सची मालकी आयती त्याच्याकडे जाते.

सर्व्हर फक्त याच कामासाठी घेतला असेल तर एवढी झाडलोट न करता टार आणि लॉग उतरवून घ्या आणि अख्खी मशीन मोडा, तिच्या स्नॅपशॉटसह. लॉगचं विचारून घ्या: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस लॉग जपायला सांगितलं आहे, तुमची संस्था त्या कक्षेत येत असेल तर ते मशीनसोबत पुसून चालणार नाही. पासवर्डची सीएसव्ही मात्र पुसा, प्रिंटरच्या संगणकावर राहिलेल्या पीडीएफसकट.

सर्व्हर सोडून दुसरं काही वाटायचं असेल तर

डेटाबेसच्या कार्यशाळेत पोस्टग्रेसमध्ये रोल (तिथलं खातं) करताना ‘व्हॅलिड अंटिल’ देता येतं, पण ती मुदत फक्त पासवर्डची असते आणि चालू सत्रांना लागत नाही. तिथेही शेवटी जोडण्या हाताने तोडाव्या लागतात. मायएसक्यूएलमध्ये पासवर्डची मुदत संपली तर तो बदलून घे एवढंच सांगतं, खातं बंद करायला ‘अकाउंट लॉक’ वेगळं वापरावं लागतं.

क्लाउड शिकवताना आपल्या संस्थेच्या खात्याच्या कायमच्या कीज विद्यार्थ्यांना देऊ नका. त्या कुणीतरी सरावाच्या कोडसोबत गिटहबवर ढकलतो आणि त्या शोधत बसलेले बॉट त्यावर आभासी नाणी खणायला लागतात, बिल संस्थेच्या नावाने. ॲमेझॉनच्या सेवेत तात्पुरत्या कीज मिळतात. भूमिका (ठराविक अधिकारांचा रोल) घेऊन काढलेल्या कीचं आयुष्य १५ मिनिटांपासून जास्तीत जास्त १२ तासांपर्यंत ठरवता येतं, त्यामुळे सकाळी दिलेली संध्याकाळी आपोआप मरते. की ‘एकेआयए’ने सुरू झाली तर ती कायमची, ‘एएसआयए’ने सुरू झाली तर तात्पुरती. वाटण्याआधी पहिली चार अक्षरं वाचा. गूगल स्किल्सवरचे (पूर्वीचं स्किल्स बूस्ट) धडे घेतलेत तर हा सगळा खटाटोप तयारच मिळतो: दर धड्याला नवं खातं, वर घड्याळ, वेळ संपली की खातं गेलं.

बुधवारी दुपारी राखीव बारांतली एक न उघडलेली चिठ्ठी घ्या आणि घरच्या नेटवरून लॉगिन करून बघा. मग स्वतःच्या एका चाचणी खात्यात आधी टाकून ठेवलेल्या कीने. दोन्ही वेळा सर्व्हरने नाही म्हटलं की डब्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या रद्दीत टाकायला हरकत नाही.